पाणी पुढे, सिझियम मागे

अणुकचरा जमिनीत खोल पुरण्याची बातमी आली की ‘ग्रॅनाइटला भेग असली तर सगळं पाण्याबरोबर वर येणार’ ही भीती हमखास ऐकू येते. भेगा असतातच. पाणी वाहतं तेही त्यांच्यातूनच. भेग दुप्पट रुंद असेल तर तेवढ्याच दाबाला आठपट पाणी जातं. पण पाण्यात विरघळलेलं सगळं पाण्याच्याच वेगाने जात नाही.

स्वित्झर्लंडमधल्या ग्रिम्सेलच्या भुयारी प्रयोगशाळेत हे १९८४ पासून तपासलं जातंय. एका बोअरमधून भेगेत ट्रेसर, म्हणजे माग काढता येईल असा पदार्थ, सोडायचा, दुसऱ्यातून पाणी उपसून मोजत राहायचं. खडकाला न चिकटणारा रंग आधी पोचतो, सिझियम हे अणुकचऱ्यातलं किरणोत्सारी मूलद्रव्य बरंच मागून. उपसलेल्या पाण्यातल्या दोन्हींच्या प्रमाणाचे आलेख चटकन चढतात, उतरताना मात्र लांबलचक शेपूट सोडतात.

मला भुरळ पडते ती या शेपटाची. भेगेच्या भिंतीत एक टक्क्याहूनही कमी पोकळी असते, सूक्ष्म छिद्रांची, आणि तिच्यात साचलेलं पाणी. विसरणाने अणू त्यात शिरतात आणि दिशाहीन भरकटतात. दहापट खोल जायला शंभरपट वेळ लागतो. भेगेतलं पाणी स्वच्छ झालं की ते एकेक करून परततात, कोणी लवकर, कोणी फार उशिरा. म्हणून शेपूट काळाच्या उणे दीडाव्या घाताने उतरतं. दोन्ही अक्ष लॉगरिदमिक घेतले तर सरळ रेषा दिसते. सिझियम आत गेल्यावर अभ्रकाच्या थरांत अडकतं, त्यामुळे त्याला आणखी उशीर. सिझियम-१३७चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ, ३० वर्षांचं. खडकाने ३०० वर्षं रोखलं तर हजारावा हिस्साच उरतो.

‘किरणोत्सार शोषणारे’ म्हणून स्फटिक विकले जातात. ती फसवणूक आहे. इथे खडक अडवतो ते पाण्यातले अणू, आणि टेबलावरचा खडा हवेतला किरणोत्सार ओढून घेत नाही.

अणुकचऱ्यातलं आयोडीन-१२९ मात्र ऋणभारित रूपात असतं, खडकाला जवळजवळ चिकटत नाही, आणि त्याचं अर्धायुष्य दीड कोटी वर्षांहून अधिक. तिथे उशिराचा फारसा उपयोग नाही.

प्लुटोनियमची अडचण वेगळी. नेवाडात १९६८ साली झालेल्या भूमिगत अणुस्फोटातलं प्लुटोनियम तीसेक वर्षांत १.३ किलोमीटरवर सापडलं, कोलॉइड, म्हणजे पाण्यात तरंगत राहणाऱ्या अतिसूक्ष्म कणांना चिकटलेलं. हे कण छिद्रांच्या मानाने मोठे, त्यामुळे आत न शिरता वाहत्या पाण्यातच राहतात. कचऱ्याभोवती संरक्षणासाठी भरायची बेंटोनाइट माती पाण्याने झिजली तर तसेच कण सोडते. म्हणून ग्रिम्सेलमध्ये आता याच मातीचे कण भेगेत सोडून, वाटेत ते आपलं ओझं किती सोडून देतात, हे मोजलं जातं.