वापरलेल्या सीएनसी लाकूडकाम यंत्रांची विक्री

फर्निचर, दारे आणि पॅनेल तयार करणाऱ्या कारखान्यांत काही वर्षे चाललेली संगणकनियंत्रित यंत्रे दुसऱ्या उत्पादकास विकण्याचा व्यवहार. त्यात मुख्यतः राउटर (फिरत्या कटरने लाकूड कापणारी व कोरणारी यंत्रे), पॉइंट-टू-पॉइंट छिद्रण यंत्रे आणि पाच अक्षांची मशिनिंग सेंटर येतात. पॅनेल सॉ (फळ्या कापणारी करवत) व एजबँडर (फळीच्या कडेला पट्टी चिकटवणारे यंत्र) हीदेखील व्यापारात सरसकट ‘सीएनसी’ म्हणून खपवली जातात; मात्र त्यांतील बरीच पीएलसीवर, म्हणजे ठरावीक क्रम चालवणाऱ्या औद्योगिक नियंत्रकावर, चालत असल्याने काटेकोर वर्गीकरणात ती वेगळी धरणे बरे.

उगम : सीएनसीच्या मुळाशी असलेल्या संख्यात्मक नियंत्रणाचे (एनसी), म्हणजे आकड्यांच्या आज्ञांनी यंत्र चालवण्याच्या पद्धतीचे श्रेय सामान्यतः जॉन पार्सन्स व फ्रँक स्टुलेन यांना दिले जाते. १९४० च्या दशकात ते हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी अचूक साचे बनवण्याच्या खटपटीत होते. त्यातून पुढे मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षण संस्थेने (एमआयटी) १९५२ मध्ये छिद्रित फितीवर चालणारे मिलिंग यंत्र दाखवले. पार्सन्स यांना पेटंट १९५८ मध्ये मिळाले. लाकूडकामाच्या शाखेचा आरंभ मात्र वादाचा आहे. जपानमधील एकाहून अधिक उत्पादक पहिल्या राउटरचा मान आपल्याकडे घेतात व १९६८ हे साल पुढे करतात. ‘१९६० च्या दशकाची अखेर’ एवढेच म्हणणे अधिक सुरक्षित दिसते. शिवाय ती यंत्रे फितीवर चालणारी, म्हणजे ‘एनसी’ होती. नियंत्रणात संगणक आला तो प्रामुख्याने १९७० च्या दशकात, त्यामुळे त्यांना सीएनसी म्हणणे हा माहितीपत्रकांचा सैलपणा होय.

मूल्यमापन : यंत्राचे लोखंड टिकते, नियंत्रण आधी म्हातारे होते. उत्पादनवर्षावरून किंमत ठरवणारे विक्रेते पुष्कळ आहेत, परंतु तासमापक अधिक बोलका असतो. अर्थात तो काय मोजतो हे कळले तर. वीज चालू असल्याचे तास, प्रोग्रॅम चालल्याचे तास आणि स्पिंडल (कटर फिरवणारा दांडा) फिरल्याचे तास या तीन वेगळ्या संख्या असून जाहिरातीत बहुधा त्यांतली एकच येते. स्पिंडल मिनिटाला १८,००० ते २४,००० फेरे घेते, म्हणून बेअरिंगच्या दृष्टीने तिसरी संख्याच खरी.

वीज जोडून चालवलेली चाचणी कागदपत्रांपेक्षा भारी ठरते. एमडीएफच्या तुकड्यावर मोठे वर्तुळ कापून त्याच्या कडेवरून नख फिरवतात. अक्ष जिथे दिशा उलटवतो त्या चार जागी खाच लागली, तर अक्ष सरकवणाऱ्या बॉल स्क्रूत किंवा दातेरी रॅकमध्ये ढिलाई आहे, असा संशय घ्यावा. राउटरच्या मेजावरील बलिफळी (मेजाऐवजी कटरचे घाव झेलणारी फळी) रुंद कटरने साफ केल्यावर पट्ट्यांच्या सांध्यांवर पायऱ्या हाताला लागल्या, तर स्पिंडल मेजाशी काटकोनात नाही. टूलधारक बसण्याच्या निमुळत्या भागावरील ओरखडेही पाहतात.

नियंत्रणप्रणाली : यंत्र महिनोन्‌महिने बंद राहिले की बॅटरी उतरते आणि काही जुन्या नियंत्रकांतील पॅरामीटर (यंत्राच्या जुळवणीची मूल्ये) पुसले जातात. वीज तोडण्यापूर्वी बॅकअप घेणे म्हणूनच विक्रेत्याच्याच हिताचे. सॉफ्टवेअरचा परवाना नव्या मालकाकडे आपोआप जात नाही. डाँगल (परवाना पटवणारे, संगणकाला जोडायचे छोटे उपकरण) कपाटात राहून गेला, तर उत्तम स्थितीतले यंत्रही अडून बसते.

व्यवहार : थेट विक्री, व्यापारी, नव्या यंत्राच्या बदल्यात परत देणे आणि लिलाव हे प्रचलित मार्ग होत. लिलावात माल ‘आहे तसा, आहे तिथे’ या अटीवर जातो. बोलीवर लिलावदाराचे शुल्क चढते आणि उचलून नेण्याचा खर्च बहुधा खरेदीदाराच्या माथी येतो. युरोपीय संघात बाहेरून प्रथमच आणलेले यंत्र वापरलेले असले तरी सीई चिन्हाच्या (यंत्र तिथल्या सुरक्षा-नियमांनुसार असल्याची खूण) अटी त्याला लागू होतात. तिथे हे चिन्ह १९९५ पासून सक्तीचे आहे.

स्थलांतर : गँट्री (स्पिंडल वाहून नेणारी, मेजावरची कमान) वाहतूक-ब्रॅकेटने जखडली नाही, तर प्रवासात मार्गदर्शक पट्ट्यांना इजा होते. नव्या जागी यंत्र पुन्हा समपातळीत आणतात. थ्री-फेज जोडणीत फेजचा क्रम चुकला, तर व्हॅक्यूम पंप उलटा फिरून त्याची कार्बनची पाती तुटू शकतात. म्हणून आधी मोटर क्षणभरच चालवून फिरण्याची दिशा पाहतात.