गरम गाडी स्टार्ट का होत नाही?

सकाळी पहिल्याच सेल्फला सुरू झालेला जुना टाटा १२१० ट्रक खंबाटकी घाट चढून धाब्यावर थांबतो. जेवण करून निघायचं म्हटलं तर सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) नुसता फिरत राहतो, इंजिन काही पकडत नाही. दोन तासांनी गाडी गार झाली की निमूट सुरू होते. अशा वेळी इंजिनावरच्या डिझेल पंपातले प्लंजर, म्हणजे डिझेल दाबणारे दट्टे, झिजल्याचा संशय घ्यावा, आणि त्यामागचं कारण फार सुंदर आहे.

या इनलाइन (प्लंजर एका ओळीत असलेल्या) पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी एक प्लंजर आपापल्या बॅरलमध्ये, म्हणजे नळकांड्यात, वरखाली होतो. दोघांमधली फट जेमतेम २ ते ४ मायक्रॉन असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. आत रबरी रिंग वगैरे काही नाही. एवढ्या बारीक फटीतून डिझेल निसटायच्या आत प्लंजर ते पुढे ढकलतो आणि हवेच्या दाबाच्या साधारण २०० पट दाब तयार होऊन सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा नोझल उघडतो.

धूळ आणि पाणी ही फट वाढवतात. अरुंद फटीतली गळती रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते: फट दुप्पट झाली तर गळती आठपट! त्यात गरम डिझेल पातळ, म्हणजे आणखी निसटणार. सेल्फवर इंजिन मिनिटाला शंभर-दोनशे फेरेच घेतं आणि पंप त्याच्या निम्म्या गतीने फिरतो. प्लंजर सावकाश चढतो, डिझेलला मागे गळायला भरपूर वेळ मिळतो, दाब बनतच नाही. इंजिन पळत असताना तेवढा वेळच नसतो, म्हणून रस्त्यावर गाडी ठीक वाटते.

इंजिन बंद असताना पंपावर ओलं फडकं टाकून थोडं थांबा. मग गाडी सुरू झाली तर संशय बळावतो. मात्र गरम झाल्यावर सेल्फच मंद फिरत नाही ना, हे आधी पाहायला हवं.

तरीही पंप उतरवायची घाई नको. बहुतेक वेळा दोष पंपाच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला असतो. गाडीने एअर घेतली, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली, की प्लंजर बुडबुडाच दाबत बसतो. हवा दबते, नोझल उघडत नाही. टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाला देणाऱ्या छोट्या पंपापर्यंतची) नळी तर फसवीच: तिथे डिझेल ओढलं जात असल्याने चीर पडली तरी चालू गाडीत बाहेर थेंब दिसत नाही, उलट हवा आत जाते. तिथे तात्पुरती पारदर्शक नळी लावली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. फिल्टर तुंबलाय का, तेही बघावं.

गाडी मिसिंग करत असेल, म्हणजे एखादा सिलिंडर पेट घेत नसेल, तर मंद चालीवर एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल करतात. ज्याने इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. त्याचा नोझल दुसऱ्या सिलिंडरवर लावावा. दोष नोझलबरोबर गेला तर नोझल खराब. जागीच राहिला तर पंपाचा एलिमेंट (प्लंजर-बॅरलची जोडी) खराब किंवा सिलिंडरचं कॉम्प्रेशन (हवा दाबण्याची ताकद) कमी. हे करताना डोळ्यांवर चष्मा हवा, आणि फवाऱ्यापुढे बोट कधीही धरू नये. त्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत शिरतं. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण ताबडतोब शस्त्रक्रिया लागू शकते.

एवढं करून पंपच दोषी ठरला, तर उतरवण्याआधी टायमिंगच्या खुणा (पंप पुन्हा नेमका त्याच स्थितीत बसवण्यासाठी) करून घ्याव्यात आणि तो कॅलिब्रेशन, म्हणजे मोजून जुळवणी, करणाऱ्याकडेच न्यावा. तिथे टेस्ट बेंचवर प्रत्येक प्लंजर किती डिझेल देतो ते मोजून सगळे सारखे करता येतात.