ससा, पण बिळातला

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझ्या बहिणीच्या घरी वर्षापूर्वी ससा आला. नाव गुंड्या. पिंजऱ्यात ठेवला, गाजर दिलं, तर दिवसभर कोपऱ्यात पोत्यासारखा पडून. तिन्हीसांजा झाल्या की मात्र जाळीची तार दातांनी खडखडवायला सुरुवात. "मामा, मी काय केलो नाही, नुस्तं उचलून घेतलो तर बोचकारलं त्यानं," ही भाचीची तक्रार.

घोळ शब्दापासूनच आहे. मराठीत आपण दोन निराळ्या प्राण्यांना 'ससा' म्हणतो. उसाच्या फडातून अचानक उसळी मारून पळतो तो रानससा. तो बीळ खोदत नाही, गवतात दबून बसतो. त्याची पिल्लं अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. (त्याला पकडून पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.) दुकानात मिळतो त्याचे पूर्वज मात्र स्पेन-पोर्तुगालकडचे, जमिनीखाली बिळांचं जाळं करून गटानं राहणारे. त्याची पिल्लं उघडीबोडकी, डोळे मिटलेली. बिळाच्या उबेत वाढणारी.

एवढं कळलं की गुंड्याचा अर्धा स्वभाव उलगडतो. बिळातून बाहेर पडायची वेळ पहाटे आणि संध्याकाळी, म्हणून दुपारी तो 'आळशी' दिसतो. पायाखाली उकरायला काही नाही, म्हणून राग तारेवर. आणि उचलणं? सशाच्या दुनियेत त्याला जमिनीवरून उचलतं कोण, तर घार नाहीतर कोल्हा. उताणा धरल्यावर तो गप्प पडतो ते लाडानं नव्हे, भीतीनं थिजून. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळपास चहूकडचं दिसतं, पण नेमकं नाकासमोरचं नाही. तिथूनच आपला हात येतो. त्यापेक्षा जमिनीवर बसावं, त्याला येऊ द्यावं आणि कपाळावरून हात फिरवावा.

आम्ही किराणा दुकानातून एक खोकं आणलं, चिकटपट्टी आणि पिना काढल्या, दोन भोकं पाडली, आत कागदाच्या पट्ट्या आणि गवत कोंबलं. दोन दिवस त्यानं नुसता वास घेतला. तिसऱ्या संध्याकाळी खोक्याच्या कडेला हनुवटी घासली. हनुवटीखाली गंधाच्या ग्रंथी असतात. हा त्याचा सातबारा. मग आत शिरून पुढच्या पायांनी असा उकरायला लागला की पट्ट्या मोरीपर्यंत उडाल्या. बाहेर आला आणि हवेत उडी मारून अंग एकीकडे, डोकं दुसरीकडे असा पिळला. "मामा, झटका आला ह्याला!" झटका नव्हे, आनंद. सशे पाळणारे त्याला 'बिंकी' म्हणतात. मागचा पाय दाणकन आपटणं निराळं. तो धोक्याचा इशारा, बिळातल्या सोबत्यांसाठी.

खेळाइतकंच कुरतडणंही गरजेचं. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला साधारण २ मिलिमीटर. गाजरानं ते झिजत नाहीत. ते गोड, कधीतरीचं. ताटातला मोठा वाटा वाळलेल्या गवताचा हवा. बहीण ते गंगावेशीतल्या एका गवळ्याकडून आणते. त्याला आधी वाटलं, बाईंनी म्हैस घेतली! ससा १०-१२ तास काही खात नसेल, लेंड्याही टाकत नसेल, तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठावा. त्याचं आतडं थांबणं जिवावर बेततं.

एप्रिल-मेची काळजी वेगळी. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता बरीचशी कानांवाटे जाते. फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली जवळ ठेवली की तो आपसूक तिला टेकतो.

परवा बहिणीचा फोन. "अरं, गुंड्या गेला वाटतं! धाडकन कुशीवर पडला. डोळं उघडंच हाईत."

"पोट वर-खाली होतंय का बघ."

"होतंय की."

"मग झोपलाय. सशे उघड्या डोळ्यांनीही झोपतात."


"आणि असं आडवं?"

"घर आपलं वाटायला लागलं, की."