एका दिवसात मुंबई: आमच्या सहलीला निघण्यापूर्वी एवढे वाचा

आधी वार ठरवा, मग ठिकाणे. सोमवारी घारापुरीची (एलिफंटाची) लेणी बंद असतात, बुधवारी राणीची बाग (भायखळ्याचे प्राणिसंग्रहालय) आणि शेजारचे भाऊ दाजी लाड संग्रहालय. पावसाळ्यात समुद्र खवळला की घारापुरीच्या बोटी ऐनवेळी रद्द होतात, म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही घारापुरीचे बुकिंग घेतच नाही. त्याऐवजी राणीची बाग दाखवतो.

बुकिंगच्या वेळी बरेच जण घारापुरी, हाजी अली, सिद्धिविनायक, जुहू अशी लांबलचक यादी देतात. घारापुरीलाच जाऊन-येऊन साडेचार तास लागतात. त्याच दिवशी जुहू धरले तर संध्याकाळ रस्त्यातल्या गर्दीत जाते. जुहू पुढच्या खेपेला ठेवा.

सकाळी पावणेआठ, सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस)

भेटण्याची वेळ इतकी लवकरची का, असे नेहमी विचारले जाते. साडेआठनंतर दादरहून सीएसएमटीकडे येणाऱ्या लोकलमध्ये लहान मूल आणि बॅग घेऊन चढणे नवख्याला जमत नाही. बाहेरगावच्या गाडीने येणाऱ्यांनी सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवावे. तिथे प्रवासाचे तिकीट दाखवावे लागते आणि बॅगेला कुलूप असावे लागते. नुसत्या चेनची बॅग परत करतात आणि मग भल्या सकाळी कुलूप शोधत फिरावे लागते. घरूनच आणा.

1878 ते 1888 या दहा वर्षांत उभी राहिलेली ही इमारत खाली उभे राहून दिसत नाही. रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला या, मग घुमट पूर्ण दिसतो. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आहे, दुसरीकडे वाघ: एक ब्रिटनचा, एक हिंदुस्थानचा.

घारापुरी

गेटवे ऑफ इंडियावरून पहिल्या बोटी साधारण नऊच्या सुमारास सुटतात. आपण त्यातलीच एक धरतो, कारण अकरानंतर गुंफेत गर्दी होते. तिकीट जाण्या-येण्याचे एकत्र असते. परतताना तेच दाखवायचे असते, तेव्हा चुरगाळून फेकू नका. वरच्या डेकवर बसायचे थोडे जादा पैसे बोटीवरच घेतात. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय आमच्या गटातले कोणीही बोटीत बसणार नाही. बोट लागत असेल तर खालच्या मजल्यावर मध्यभागी बसा, तिथे हेलकावे कमी बसतात.

धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी झुकझुक गाडी आहे. पुढे सुमारे 120 पायऱ्या. गुडघे दुखत असतील तर डोली मिळते. भाव बसण्याआधी ठरवा, जाण्याचा की जाऊन-येऊन हेही स्पष्ट करून घ्या. माकडे हातातली पिशवी आणि शीतपेयाची बाटली हमखास ओढतात. खाण्याचे सगळे पाठीवरच्या बंद सॅकमध्ये ठेवा.

पहिल्या गुंफेचे तोंड उत्तरेला आणि सदाशिवाची सुमारे 20 फुटी मूर्ती दक्षिणेच्या भिंतीत. तिच्यावर थेट ऊन पडत नाही. बाहेरच्या उन्हातून आत आल्याबरोबर काहीच दिसत नाही आणि लोक दोन फोटो काढून निघतात. दोन-तीन मिनिटे खांबाशी थांबा, डोळे सरावले की तिन्ही चेहरे वेगळे दिसू लागतात: मधला शांत, एक उग्र, एक स्त्रीचा. एलिफंटा हे नाव पोर्तुगिजांनी इथल्या दगडी हत्तीवरून दिले. तो हत्ती मात्र इथे शोधू नका, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे.

दुपार

दीड-दोनला गेटवेला परत. जेवणानंतर चालत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, काळा घोडा, मग ओव्हल मैदान. मैदानाच्या मधोमध उभे राहिलात तर पूर्वेला राजाबाई टॉवर आणि हायकोर्टाच्या दगडी इमारती, पश्चिमेला गोलसर बाल्कन्यांची आर्ट डेको शैलीतली घरे. या दोन्ही रांगा मिळून 2018 साली जागतिक वारसा यादीत गेल्या. चप्पल रोजच्या वापरातली घाला. नवे बूट दुपारपर्यंत चावतात. दक्षिण मुंबईत रिक्षा चालत नाहीत, काळी-पिवळी टॅक्सी करावी लागते.

हाजी अलीला जायचे असेल तर

दर्ग्याकडे जाणारी वाट मोठ्या भरतीला पाण्याखाली जाते, मग पाणी ओसरेपर्यंत अलीकडेच थांबावे लागते. कोकणातला जुना हिशेब इथेही चालतो: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येला ती दुपारी साडेअकरा-बाराच्या आसपास येते आणि पाणी सर्वांत जास्त चढते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून आदल्या दिवशी आम्ही भरतीचे वेळापत्रक बघूनच क्रम लावतो. कधी हाजी अली शेवटी गेले, तर कारण हेच.

संध्याकाळ

सूर्य समुद्रात बुडताना बघायचा असेल तर नरिमन पॉइंटचे टोक गाठा. गिरगाव चौपाटीवर मलबार हिल आडवी येते. नोव्हेंबरअखेरीस सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, जूनअखेरीस सव्वासातच्या पुढे. चौपाटीवर भेळ खायला मग अंधार पडल्यावर या.

परतीची लोकल सीएसएमटी किंवा चर्चगेटवरूनच धरा, गाडी तिथूनच सुटते. गाडी थांबायच्या आत उड्या मारून जागा पकडणारे दिसतील. त्यांच्यात शिरू नका, एक गाडी सोडा आणि पुढचीसाठी पुढे उभे राहा. चढण्याआधी इंडिकेटरवर धीमी की जलद ते बघा: मध्य रेल्वेची जलद गाडी सीएसएमटी सोडली की भायखळा आणि मग दादर, मधल्या स्टेशनांवर थांबत नाही. आणि डबा बघून चढा. दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर पहिल्या वर्गात सापडलात तर दंड जागेवर भरावा लागतो, आणि तो सहलीच्या पैशांत धरलेला नाही.