सिस्टर म्हणजे नुसती हुकमाची ताबेदार? छे!

‘सिस्टरला काय, डॉक्टर सांगतील ते करायचं, आणि एकदा स्टाफ नर्स झाली की रिटायर होईपर्यंत तेच’ हे आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलंय, लग्नाच्या स्थळांतसुद्धा ऐकलंय मी. पण तसं नाहीये.

एकच उदाहरण घ्या, पोटॅशियम क्लोराईडचं. हे इंजेक्शन पातळ न करता थेट शिरेत दिलं तर हृदय बंद पडू शकतं. घाईघाईत कोणी चुकीची ऑर्डर लिहिली तर सिस्टरने ती गुपचूप पाळायची नसते, थांबून विचारायचं असतं, ‘सर, डायल्यूट करून सलाईनमधून हळूहळू ना?’ आणि हे विचारायला फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधांचं शास्त्र, यावं लागतं, नुसता धीर असून भागत नाही.

बढतीचं म्हणाल तर सरकारी दवाखान्यात अधिपरिचारिकेनंतर (म्हणजे स्टाफ नर्सनंतर) परिसेविका (वॉर्डची इन्चार्ज सिस्टर) आणि अधिसेविका (मेट्रन) ही पदं आहेतच (जागा वेळेवर भरत नाहीत ही बोंब वेगळी). शिवाय जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालेल्यांना २ वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी, मग एमएस्सी, आणि आयसीयूची आवड असेल तर इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर (अतिगंभीर पेशंटच्या देखभालीचा) हा कोर्स, तोही २ वर्षांचा, आणि त्यातला बराचसा वेळ थेट पेशंटच्या बेडपाशीच जातो.