एसएफपी मॉड्यूल आणि लांब पल्ल्याचं लॅन

कारखाना, कॉलेज, हॉस्पिटल किंवा मोठी सोसायटी असेल आणि तिथलं लोकल नेटवर्क तांब्याच्या केबलच्या आवाक्याबाहेर न्यायचं असेल तर स्विचच्या खाचेत जो बोटाएवढा ट्रान्सीव्हर सरकवतात तो म्हणजे एसएफपी मॉड्यूल. आत एक लेझर आणि एक फोटोडायोड, स्विचकडून आलेल्या विजेच्या सिग्नलचा प्रकाश करायचा आणि फायबरमधून आलेल्या प्रकाशाचा परत विजेचा सिग्नल करायचा, बस. स्विचला तशी खाच नसेल तर मीडिया कन्व्हर्टर लावतात, म्हणजे एका बाजूला नेहमीचा आरजे-४५ आणि दुसऱ्या बाजूला फायबर. घरी येणारं फायबरचं इंटरनेट मात्र या नोंदीत येत नाही, ते बहुतेक ठिकाणी जीपॉन असतं, एकाच फायबरवर स्प्लिटर लावून बरीच घरं जोडलेली, आणि त्याचं मॉड्यूल दिसायला अगदी सारखं असलं तरी साध्या इथरनेट एसएफपीशी त्याचं जमत नाही.

१०० मीटरचा प्रश्न : कॅट-५ किंवा कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंतच चालते (९० मीटर भिंतीतली पक्की केबल आणि १० मीटर पॅचकॉर्ड) हे सगळ्यांना पाठ असतं, पण हा आकडा आला कुठून यावर दोन मतं आहेत. एक मत असं की हे कोलिजनमुळे झालं. जुन्या इथरनेटमध्ये दोन मशीन एकाच वेळी बोलायला लागली तर टक्कर झाली हे पाठवणाऱ्याला ठराविक वेळात कळायलाच हवं, ती वेळ १० एमबीपीएसला ५१.२ मायक्रोसेकंद आणि १०० एमबीपीएसला ५.१२ मायक्रोसेकंद, म्हणून केबल लांबवता येत नाही. दुसरं मत असं की १९९० मध्ये १०बेस-टी (जोडतारेवरचं १० एमबीपीएसचं इथरनेट) ठरवताना ऑफिसातली बहुतेक टेबलं टेलिफोनच्या वायरिंगच्या खोलीपासून १०० मीटरच्या आत असतात हे बघून तेवढ्या अंतरात जोडतारेतून सिग्नल धड पोचेल असं गणित बसवलं गेलं. दुसरं मत जास्त पटतं, कारण १० एमबीपीएसच्या कोलिजनच्या हिशोबात रिपीटर (सिग्नल ताजा करून पुढे पाठवणारं यंत्र) धरून अख्खं नेटवर्क २५०० मीटरपर्यंत पसरू शकत होतं, म्हणजे १०० मीटरला अडायचं काही कारणच नव्हतं. त्याच्या आधीच्या १ एमबीपीएसच्या स्टारलॅनमध्ये तर टेलिफोनच्याच तारेवर २५० मीटरची मुभा होती. गोंधळ झाला तो १०० एमबीपीएसला, तिथे दोन रिपीटर धरून एका टोकाच्या मशीनपासून दुसऱ्या टोकाच्या मशीनपर्यंतची मर्यादा २०५ मीटर निघते आणि ती दोन १०० मीटरच्या केबल अधिक थोडी अशी नेमकी जुळून येते, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं की मूळ कारण हेच. पण १९९७ च्या ८०२.३एक्स या इथरनेट स्टँडर्डमध्ये फुल डुप्लेक्स आलं, म्हणजे पाठवणं आणि घेणं एकाच वेळी, टक्कर हा प्रकारच संपला, तरी गिगाबिटची तांब्याची केबल १०० मीटरलाच थांबते. म्हणजे अडवतो तो तांब्यातला लॉस आणि जोड्यांमधला क्रॉसटॉक, म्हणजे एका जोडीतला सिग्नल दुसरीत शिरणं.

फायबरकडे पाहिलं की हे आणखी स्पष्ट होतं. १००बेस-एफएक्स हे फायबरवरच्या १०० एमबीपीएसचं एकच स्टँडर्ड, तीच मल्टिमोड फायबर (जाड कोअरची, म्हणजे प्रकाश नेणारा मधला भाग जाड असलेली), तोच ट्रान्सीव्हर, हाफ डुप्लेक्समध्ये (एका वेळी एकानेच बोलायचं) ४१२ मीटर आणि फुल डुप्लेक्समध्ये २ किलोमीटर. प्रकाश तर आधीपासून २ किलोमीटर पोचतच होता, अडवत होता फक्त कोलिजनचा हिशोब, त्यामुळे कोलिजनचा युक्तिवाद खरा लागू पडतो तो इथे, तांब्याच्या १०० मीटरला नाही.

इतिहास : प्रकाश काचेच्या तंतूतून नेण्याची सुरुवात साधारण १९५४ पासून धरतात, त्या वर्षी नरिंदरसिंग कपानी आणि हॅरॉल्ड हॉपकिन्स यांचं आणि नेदरलँड्सच्या व्हॅन हील यांचं काम ‘नेचर’च्या एकाच अंकात आलं, त्यामुळे पहिला मान कोणाचा हा वाद आहे आणि आपल्याकडे साहजिकच कपानींचं नाव पुढे असतं. पण ते सगळं प्रतिमा पोचवण्याबद्दल होतं. नेटवर्कच्या दृष्टीने बघायचं तर १९६६ मधलं चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांचं काम जास्त महत्त्वाचं, काचेतली अशुद्धी काढली तर लॉस किलोमीटरला २० डीबीच्या (डीबी म्हणजे सिग्नल किती घटला याचं माप) खाली आणता येईल हे त्यांनी मांडलं आणि १९७० मध्ये कॉर्निंगने ते करून दाखवलं. काओंना २००९ चं नोबेल मिळालं. इथरनेटवाल्यांनी फायबरला हात घातला तोही बराच लवकर, झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत रॉसन आणि मेटकाफ यांनी केलेल्या फायबरनेटचं वर्णन १९७८ मध्ये प्रसिद्ध झालं. स्टँडर्डमध्ये मात्र १९८७ च्या सुमारास फक्त दोन रिपीटरमधली १ किलोमीटरची लिंक आली, मग १९९३ मध्ये १०बेस-एफ, १९९५ मध्ये १००बेस-एफएक्स आणि १९९८ मध्ये ८०२.३झेड म्हणजे गिगाबिट.

काढता-घालता येणारं मॉड्यूल ही कल्पना जीबीआयसीची, १९९५ च्या आसपासची. ते मॉड्यूल बरंच मोठं होतं, स्विचच्या तोंडावर मोजकीच मावायची. त्याचं छोटं रूप म्हणजे एसएफपी, साधारण १३ मिलिमीटर रुंद आणि साडेआठ मिलिमीटर उंच, मागे २० संपर्कपट्ट्या. त्याचं साल काही ठिकाणी २००० दिलेलं असतं आणि काही ठिकाणी २००१. कंपन्यांचा आपसातला करार सप्टेंबर २००० चा आणि एसएफएफ कमिटीचं (अशा मॉड्यूलची मापं लिहून ठेवणारी कंपन्यांची समिती) कागदपत्र मे २००१ चं, तेव्हा २००१ धरणं जास्त सोयीचं. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, हे आयईईईचं, म्हणजे इथरनेटचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं स्टँडर्ड नाही. फायबरमध्ये काय प्रकाश पाठवायचा ते आयईईईने ठरवलं, डबीचा आकार आणि पिना कंपन्यांनी आपसात ठरवल्या. मॉड्यूलच्या मेमरीत कंपनीचं नाव, पार्ट नंबर, सिरियल नंबर लिहिलेला असतो, काही स्विच तो वाचतात आणि दुसऱ्या कंपनीचं मॉड्यूल चक्क नाकारतात, आत तोच लेझर असला तरी. मग बाजारात अमक्या स्विचसाठी कोडिंग करून मॉड्यूल विकतात आणि ते चालतं. ग्राहकावर हा नाहक भुर्दंड आहे, तांत्रिक कारण त्याच्या मागे फारसं नाही.

प्रकार आणि अंतर : ८५० नॅनोमीटरचं एसएक्स मल्टिमोडवर, ५० मायक्रॉनच्या फायबरवर ५५० मीटरपर्यंत, जुन्या ६२.५ मायक्रॉनच्या फायबरवर २२० ते २७५ मीटर. १३१० नॅनोमीटरचं एलएक्स सिंगल मोडवर (बारीक कोअरची फायबर), मूळ स्टँडर्डमध्ये ५ किलोमीटर, २००४ च्या एलएक्स१० मध्ये १० किलोमीटर. १५५० नॅनोमीटरचं झेडएक्स ७०-८० किलोमीटर, पण ते आयईईईच्या यादीत नाही. एकाच तंतूवर दोन्हीकडचा प्रकाश नेणारं बाय-डाय मॉड्यूल वेगळं, त्याची जोडीच घ्यावी लागते, एका टोकाला १३१० पाठवणारं तर दुसऱ्या टोकाला १३१० घेणारं. दोन्हीकडे सारखीच मॉड्यूल लावली की लाइट पोचतेय पण लिंक येत नाही अशी तक्रार होते.

मॉड्यूलवर छापलेला किलोमीटरचा आकडा हा अंदाज झाला, खरा हिशोब प्रकाशाच्या बजेटचा. १० किलोमीटरचं मॉड्यूल कमीत कमी उणे ९ डीबीएम (पॉवरचं माप, १ मिलिवॅट म्हणजे शून्य) पाठवतं आणि उणे १९ च्या आसपासपर्यंतचं वाचू शकतं, म्हणजे हातात १० डीबी. समजा दोन इमारतींमध्ये ४ किलोमीटर फायबर आहे. किलोमीटरला ०.४ डीबी धरले तर १.६, चार कनेक्टरचे प्रत्येकी अर्धा धरून २, चार स्प्लायसिंगचे (वितळवून केलेले जोड) ०.४, एकूण ४ डीबी. सहा शिल्लक, म्हणजे उद्या केबल कुठे तुटली आणि मध्ये दोन-चार जोड वाढले तरी लिंक टिकेल. उलटी चूकही होते, जास्त पॉवरचं चांगलं म्हणून ५०० मीटरला ८० किलोमीटरचं मॉड्यूल लावतात, मग समोरचा रिसीव्हर प्रकाशाने भरून जातो आणि एरर येतात, कधी रिसीव्हर कायमचाच जातो. तिथे प्रकाश कमी करणारा अॅटेन्युएटर लावावा लागतो किंवा सरळ कमी पल्ल्याचं मॉड्यूल.

लिंक आली नाही तर : डायग्नोस्टिक्स असलेलं मॉड्यूल (एसएफएफ-८४७२) तापमान, व्होल्टेज, लेझरचा करंट, पाठवलेली पॉवर आणि आलेली पॉवर हे पाच आकडे स्विचला देतं. आरएक्स (आलेली पॉवर) उणे ४० दिसतंय म्हणजे लाइट अजिबात येत नाहीये, पहिल्यांदा टीएक्स-आरएक्स, म्हणजे पाठवायचा आणि घ्यायचा तंतू, उलटं करून बघायचं, बऱ्याचदा तेवढंच असतं. आरएक्स उणे २१ किंवा २२ दिसतंय म्हणजे लाइट येतेय पण मरतुकडी, मग एलसी कनेक्टर काढून तोंड पुसायचं, क्लीनर पेनने किंवा न धागे सुटणाऱ्या कपड्याने, शर्टाला नाही. सिंगल मोडचा कोअर साधारण ९ मायक्रॉनचा, त्याच्यावर धुळीचा एक कण बसला तरी दोन-तीन डीबी सहज जातात, म्हणून मॉड्यूलच्या तोंडातली रबरी टोपी फेकून द्यायची नसते. आपल्याकडे केबलवाल्यांच्या जीपॉनमुळे हिरवे एपीसी कनेक्टर सगळीकडे झालेत, त्यांचं तोंड ८ अंशात तिरकं असतं, ते सरळ तोंडाच्या निळ्या यूपीसीला जोडलं की लॉस वाढतो आणि तोंडं खराब होतात ती वेगळीच. आणि फायबरच्या टोकात डोकावून बघायचं नाही, हा प्रकाश डोळ्याला दिसत नाही आणि लांब पल्ल्याच्या मॉड्यूलमध्ये तर अजिबात नाही.

वापर : दोन इमारतींमध्ये अंतर ६० मीटर असलं तरी फायबरच टाकावी असं जाणकार सांगतात ते अर्थिंगसाठी. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं, वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की तांब्याच्या केबलमधून दोन्हीकडचे पोर्ट जळतात, काचेतून वीज जात नाही. मात्र उंदरांपासून वाचवायला स्टीलचं आर्मर असलेली केबल टाकली तर ते आर्मर वीज नेतंच, ते आत यायच्या आधी अर्थ करावं लागतं. महाराष्ट्रात फायबरची काच आणि तंतू छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा आणि वाळूजला स्टरलाइटच्या कारखान्यात तयार होतात. नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटीमध्ये सुमारे २५ किलोमीटरमध्ये पसरलेल्या ३० अँटेनांचे सिग्नलसुद्धा फायबरवरूनच मध्यवर्ती इमारतीत येतात, फक्त तिथे मुळात रेडिओ सिग्नलच प्रकाशावर चढवून आणला जातो, इथरनेट नाही.

१० गिगाबिट : २००६ पासूनच्या एसएफपी+ ची डबी त्याच मापाची, आणि त्याच्या पोर्टमध्ये बहुतेक वेळा १ गिगाबिटचं जुनं मॉड्यूल चालतं, उलट मात्र चालत नाही. सिंगल मोड टाकलेली असेल तर फक्त दोन टोकांची मॉड्यूल बदलून त्याच केबलवर १० किलोमीटरपर्यंत १० गिगाबिट मिळतं. मल्टिमोडला ओएम३ दर्जाच्या फायबरवर ३०० मीटर, ओएम४ वर ४०० मीटर, आणि नव्वदच्या दशकात टाकलेल्या ६२.५ मायक्रॉनच्या फायबरवर जेमतेम ३३ मीटर, तिथे बहुतेक वेळा केबलच नवी ओढावी लागते.