हाली आणि कलदार

हैदराबाद संस्थानाचे चलन ते हाली आणि इंग्रजी मुलखातले ते कलदार. संस्थान भारतात विलीन होईपर्यंत, आणि पुढेही काही वर्षे, मराठवाड्यातले देणेघेणे या दोन रुपयांच्या हिशेबाने चालले. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाचही जिल्हे निजामाच्या राज्यात होते. शेजारचे नगर, सोलापूर, खानदेश आणि इंग्रजांच्या कारभाराखालचा वऱ्हाड, हा सगळा मुलूख कलदारचा. भाषा एक, सोयरीक एक, वारी एक. रुपया मात्र सीमेवर बदले.

हाली म्हणजे चालू, सध्याचा. कलदार म्हणजे कळेवर, यंत्रावर पाडलेला. १९०३ च्या सुमारास हैदराबादच्या टांकसाळीतही यंत्रावर नाणी निघू लागली आणि त्यांवर चारमिनार आला. त्या अर्थाने हालीही कलदारच झाला, पण लोकांच्या तोंडी बसलेले नाव हलले नाही. सातव्या निजामाच्या काळात या चलनाला उस्मानिया सिक्का असे अधिकृत नाव होते.

दोन्ही नाणी चांदीची, दोन्हींचे आणे सोळा आणि आण्याच्या पै बारा. तरी किंमत सारखी का नव्हती, याचे उत्तर बरेचसे धातूत आहे. इंग्रजी रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम. हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा आणि त्यात शेकडा ८१.८ चांदी, म्हणजे सुमारे ९.१ ग्रॅम. या दोन आकड्यांचे प्रमाण जवळजवळ सहास सात येते, आणि व्यवहारातला दरही तोच: सहा कलदारचे सात हाली. शंभर कलदारला ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. एका हालीचे कलदारात १३ आणे ८ पै आणि वर थोडे.

खरी अडचण कागदावर येई. चिठ्ठीत नुसते ‘शंभर रुपये’ लिहिले आणि सिक्का लिहायचा राहिला, तर शंभरामागे सोळा हाली रुपयांहून अधिकचा फरक पडे. म्हणून रकमेपुढे ‘हाली’, ‘सिक्का उस्मानिया’ किंवा ‘कलदार’ असे लिहिण्याला महत्त्व होते. सीमेपलीकडे माल विकणाऱ्याच्या हाती कलदार येत. सरकारी शेतसारा मात्र हालीत. मुलाला पुण्याला शिकायला ठेवणाऱ्याला उलट कलदार जमवावे लागत. मधला बट्टा, म्हणजे नाणे बदलून देण्याची कपात, सराफाची.

लातूरच्या बाजारपेठेचा बार्शीशी असलेला संबंध या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरपर्यंत आली. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, लातूर निजामाच्या राज्यात. एका टोकाला कलदार, दुसऱ्या टोकाला हाली, आणि मध्ये करोडगिरी, म्हणजे संस्थानाचे जकात खाते. तसेच जालना, सेलू, परभणीकडच्या कापसाचे. तो मनमाडच्या फाट्याने मुंबईकडे निघाला की त्याची किंमत कलदारात बोलली जाई.

कागदी नोटा १९१८ च्या कायद्यानंतर निघाल्या. त्यांवर उर्दू आणि इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्येही किंमत छापलेली असे. शाळा, कचेरी आणि विद्यापीठात उर्दूचे राज्य असताना मराठी माणसाला सरकारी कागदावर आपली लिपी दिसे ती या नोटेवर, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

१९४१ मध्ये हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली. उस्मानिया सिक्क्याची व्यवस्था पाहणे हे तिचे एक मुख्य काम होते. पुढे ती स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली. मराठवाड्यात तिला ‘हैदराबाद बँक’च म्हणत, ते १ एप्रिल २०१७ ला ती भारतीय स्टेट बँकेत विलीन होईपर्यंत.

चलन हा राजकारणाचाही भाग होता. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारताशी ‘जैसे थे’ करार झाल्यावर थोड्याच दिवसांत निजाम सरकारने वटहुकूम काढून भारतीय चलन संस्थानात अग्राह्य ठरवले. ज्याचा रोजचा बाजार सीमेपलीकडे, त्याच्यावर हा थेट घाव होता. दिल्लीशी बिनसण्याच्या कारणांत हा वटहुकूमही होता. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने संस्थान गेले, पण हाली एका दिवसात गेला नाही. १९५० मध्ये भारतीय रुपया त्याच सहास सात दराने हालीच्या जोडीला चलनात आला, १९५१ मध्ये हाली काढणे थांबले आणि १९५९ मध्ये तो पूर्णपणे रद्द झाला. त्याआधी, १ एप्रिल १९५७ पासून, नवे पैसेही आले होते. जुने आणे, हाली आणि नवा पैसा असे तीन हिशेब एकाच पिढीने केले.

असाच प्रकार आज नेपाळच्या सीमेवर आहे. तिथे भारतीय रुपयाला ‘आयसी’ आणि नेपाळीला ‘एनसी’ म्हणतात आणि शंभराला एकशे साठ हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. भूतानचा ङुल्ट्रम तर रुपयाच्या बरोबरीचा. २०२१ पासून तिथे भीम ॲपवरून पैसे देता येतात.

मराठवाड्यातले जुने खरेदीखत, पगारपत्रक किंवा देणगीची पावती वाचताना दोन गोष्टी आधी पाहाव्यात: सिक्का आणि सन. सन बहुधा फसली, म्हणजे संस्थानाच्या कारभारातले महसुली साल, असतो आणि महिने आजूर, दै, बहमन असे. ‘फसली १३५०, रुपये ७०० हाली’ याचा अर्थ १९४०-४१ साल आणि ६०० कलदार. पुण्यातल्या त्या काळच्या पगाराशी किंवा किमतीशी तुलना करायची, तर धरायचा आकडा हा दुसरा.